डायपर ओल्यात की सुक्यात?

“साहेब, बाळाचं वापरलेलं डायपर ओल्या कचऱ्यात टाकायचं की सुक्या?”

हा प्रश्न तुडतुडीच्या डोक्यातून निघालेला नव्हता. तो मागच्या बाकावरच्या चौकडीनं मधल्या सुट्टीत तयार केला होता आणि पैज अशी होती की, कचरा खात्याचे साहेब भाषण संपवून “काही शंका?” म्हणाले की तुडतुडीनं उभं राहायचं, माइक हातात घ्यायचा आणि एकदाही न हसता हे विचारायचं. “तुझ्याच घरी बाळ आहे, तुलाच शोभेल,” असं चौकडीतली चष्मिस म्हणाली होती. त्यातलं ‘तुझ्याच घरी’ तुडतुडीला जरा टोचलं. नववीतल्या मुलीला भाऊ होणं हा काही गुन्हा नाही. पण वर्गात तो असा चघळला जात होता, जणू तो तिनंच केला आहे.

खरं म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत ती हजेरीलासुद्धा इतकं हळू ‘हजर’ म्हणायची की बाई तिची गैरहजेरी मांडून मोकळ्या होत. या वर्षी वक्तृत्वात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि तिला कंठ फुटला तो फुटलाच. पाय तर आधीपासूनच थाऱ्यावर नसत, म्हणून तर घरात नाव तुडतुडी. आता पायांच्या जोडीला जीभ आली. घरात अशी दोन इंजिनं एकाच गाडीला लागली की रुळांचं काय होतं, ते पुढे येईलच.

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतली चिल्लीपिल्ली तर लोळायला लागली. साहेबांनी घसा खाकरला, पाणी प्यायलं आणि मुख्याध्यापिकांकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे, पाहिलं. मोठ्या बाई छताकडे पाहत होत्या.

“प्रश्न फार चांगला आहे,” साहेब म्हणाले. मोठी माणसं प्रश्नाला चांगला म्हणाली की उत्तर येत नाहीये असं खुशाल समजावं. “पण मी म्हणतो, मुळात असलं फेकायचं डायपर वापरावंच का? पर्यावरणपूरक काही वापरता येईल की. तुझ्या घरी आहे का लहान बाळ?”

“आहे. भाऊ.”

सभागृह पुन्हा हसलं. पैज जिंकून झाली होती. शहाण्या मुलीनं माइक परत देऊन खाली बसायचं होतं. पण माइक हातात असलेला माणूस आणि माइक हातात नसलेला माणूस ही दोन वेगळी माणसं असतात. तुडतुडीच्या कानांत ते हसणं वाजत होतं, चष्मिसचे लुकलुकते डोळे दिसत होते आणि तिच्या तोंडून, तिलाही नवल वाटेल अशा खणखणीत आवाजात, वाक्य बाहेर पडलं:

“आमच्या घरी आजपासून फेकायचं डायपर बंद.”

हसणाऱ्या सभागृहाचं टाळ्या वाजवणारं सभागृह व्हायला एक वाक्य पुरतं. साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, “मी स्वतः महिन्याभरानं तुझ्या घरी येऊन पाहीन. तुझा शब्द खरा ठरला तर तुमच्या घराला ‘आदर्श घर’ म्हणून प्रमाणपत्र देऊ.” मोठ्या बाई छतावरून खाली आल्या आणि म्हणाल्या, “आमच्या मुली दिलेला शब्द पाळतात.”

म्हणजे आता तिच्या एकटीच्या शब्दाला अख्ख्या शाळेच्या अब्रूची गाठ बसली. आणि हे सगळं ज्याच्या जिवावर, ते गठुडं त्या वेळी घरी बसल्या जागी सगळं काही करत होतं.

गठुडं म्हणजे भाऊ. तो जन्मला तेव्हा दुपट्यात असा काही बांधून दिला होता की बाबा म्हणाले, “हे माणूस आहे की गठुडं?” तेव्हापासून तेच नाव पडलं.

“कुणाला विचारून ठरवलंस?” आईनं विचारलं. आईचे केस विंचरलेले नव्हते, खांद्यावर दुधाचा डाग होता आणि ती उभ्या उभ्या डोळे मिटून बोलत होती.

“अगं आई, पृथ्वीसाठी.”

“पृथ्वी लंगोट धुणार आहे का?”

“मी धुणार.”

“वाळत कुठे घालणार?”

“बघू.”

“बघू,” आई म्हणाली. आईच्या ‘बघू’चा अर्थ ‘तूच बघशील’ असा असतो. बाबांनी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि मुलगी सभागृहात बोलली याचा अभिमान बाळगावा की काय बोलली याची काळजी करावी, या विचारात पुन्हा उचललं.

आता तुडतुडी काही लगेच लंगोटांवर आली नाही. कष्ट न करता शब्द पाळता येत असेल तर आधी तो मार्ग बघावा, हे कुणीही सांगेल. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात तिला हिरवं पान छापलेलं एक पाकीट दिसलं. त्यावर ‘पर्यावरणस्नेही’ असं लिहिलं होतं. आतल्या प्रत्येक डायपरवर एक हसरं अस्वल होतं. बहुधा जंगल वाचल्यामुळे हसत असावं.

“याचं शेवटी काय होतं?” तिनं दुकानदाराला विचारलं.

“मातीत मिसळून जातं, ताई.”

“किती दिवसांत?”

“ते मातीवर आहे,” दुकानदार म्हणाला आणि मागच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध द्यायला वळला.

मातीवर आहे, पण माती कुठे आहे? तुडतुडीच्या इमारतीला फरशी होती, सिमेंट होतं, गाड्या होत्या. माती म्हणून होती ती फक्त प्रवेशद्वाराजवळच्या दोन मोठ्या कुंड्यांत, आणि त्या कुंड्या सचिवकाकांच्या. सचिवकाका म्हणजे इमारतीच्या समितीचे सचिव. पाण्याच्या टाकीपासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत सगळं त्यांच्या देखरेखीखाली असे आणि त्या देखरेखीतून उरलेलं प्रेम त्या कुंड्यांतल्या गुलाबांना मिळे. तुडतुडीनं विचार केला, चांगल्या कामासाठी जराशी माती वापरली तर बिघडलं काय? उलट खतच होईल. शाळेत जाता-जाता तिनं कंपासपेटीतल्या पट्टीनं खड्डा केला आणि दोन अस्वलं पुरली. फक्त शूची, शीची नव्हे. एवढं तारतम्य तिच्याकडे होतं.

सचिवकाकांनी रोजच्यासारखं गुलाबांना पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. तिसऱ्या दिवशी कुंडीतून माती वर आली आणि मातीच्या मागोमाग पारदर्शक, लिबलिबीत, थरथरणारं असं काहीतरी कडेवरून खाली ओघळायला लागलं.

बघ्यांचा घोळका जमला. समोरच्या काकू, म्हणजे तुडतुडीच्या दारासमोर राहणाऱ्या, म्हणाल्या, “बेडकाची अंडी आहेत. मी माहेरी पाहिलीत.” तळमजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “मुळं वितळतायत. हा रोग परदेशातून येतो.” कुणी म्हणालं गुलाब जाळून टाका, कुणी म्हणालं हात लावू नका. सचिवकाका मात्र कुंडीशेजारी उकिडवे बसून आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बघत राहिले. शेवटी बागेच्या खात्यातून एक माणूस आला. त्यानं काडीनं टोकरलं, काडी आत घातली आणि हळूच काहीतरी ओढून काढलं. लवचीक पट्टा. त्याच्यामागून फुगून उशीएवढं झालेलं कापड. आणि त्या कापडावर, चेहऱ्याला माती फासलेलं, तरीही हसणारं अस्वल.

इमारतीत बाळ एकच होतं.

संध्याकाळी सचिवकाका आजारी कुंडी दोन्ही हातांत घेऊन दारात उभे राहिले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. “गुलाबाला तान्ह्या बाळाचं काय काय प्यायला लावलंत,” एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. बाबांनी दार लावलं आणि तुडतुडीकडे पाहिलं.

“मातीत मिसळतं असं लिहिलंय त्याच्यावर,” ती म्हणाली.

“मिसळलं नाही, माजलं,” बाबा म्हणाले.

उरलेलं पाकीट फेकून द्या असं तिनं सांगितलं आणि ते फेकलं गेलं असं ती समजून चालली. माणूस बऱ्याच गोष्टी अशा समजून चालतो.

तिला एक कळलं होतं, की मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलंच नाही. कुंडीतून काढलेली दोन अस्वलं आता एका पिशवीत, त्यांच्याच गॅलरीच्या कोपऱ्यात पडून होती. म्हणून शाळा सुटल्यावर ती थेट कचरा खात्याच्या कचेरीत गेली. साहेब दौऱ्यावर होते. ओला विभाग वरच्या मजल्यावर होता. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “यात प्लास्टिक असतं बाळा, हे सुक्याचं काम.” सुका विभाग तळमजल्यावर होता. तिथल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “आत ओलं आहे ना? मग ओल्याचं झालं की.” ती पुन्हा वर गेली. वरच्या बाईंनी खालच्या काकांना फोन लावला. त्या फोनवर दोघांच्या जुन्या भांडणाचा बराच भाग होऊन गेला, त्यात पंखा कुणाचा आणि कपाट कुणी हलवलं हेही आलं. डायपर मात्र मधेच कुठेतरी सांडलं. तुडतुडी पुन्हा खाली आली तेव्हा काकांनी सुवर्णमध्य काढून ठेवला होता.

“तू असं कर,” ते म्हणाले, “वाळवून आण. वाळवून आणलंस तर मी घेतो.”

अस्वल काही वाळेना. उन्हात ठेवलं तर वरून कोरडं, आतून जेली. शेवटी पिशवीच एके सकाळी गॅलरीतून नाहीशी झाली. ती कुठे गेली हे तुडतुडीनं विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही.

तेव्हा कुठे लंगोटांची वेळ आली.

लंगोट म्हटल्याबरोबर शेजाऱ्यापाजाऱ्यांत उत्साहाची लाट आली. डायपरबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. लंगोटाबद्दल मात्र ज्याला त्याला सगळंच माहीत. समोरच्या काकू म्हणाल्या, “जुनी चादर फाड, नवं कापड टोचतं.” प्राध्यापक म्हणाले, “उकळून घ्यायचं, नाहीतर जंतू.” काकू म्हणाल्या, “उकळलं की कापड मरतं.” प्राध्यापक म्हणाले, “कापड मरेल नाहीतर बाळ आजारी पडेल, तुम्ही ठरवा.” त्यावर काकू दोन दिवस प्राध्यापकांशी बोलल्या नाहीत. तुडतुडीनं कपाटातली सगळ्यांत मऊ चादर काढून फाडली. ती पाहुण्यांसाठी राखलेली चादर निघाली. आईला हे कळलं तेव्हा ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, “असू दे. पाहुणे तरी कुठे येतायत या घरात आता.”

घडी घालायची पद्धत तुडतुडीनं स्वतः शोधली. आधी चौकोन, मग त्रिकोण, मग त्रिकोणाची दोन टोकं आत. भूमितीच्या सरांना ती आवडली असती. गठुड्याला नाही आवडली. त्यानं एकदा उजवी तंगडी झाडली, एकदा डावी, आणि प्रमेय पलंगाखाली जाऊन पडलं. काकूंनी बंद लावायला सांगितलं. बंद लावले तर गठुड्याला ते चोखायला आवडले. तोंडात लंगोटाचा बंद आणि चेहऱ्यावर कृतार्थता असं ते ध्यान बघून आई किती तरी दिवसांनी हसली, तेवढा एक फायदा.

पण वाळवायचं कुठे? समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला समितीची मनाई. इमारतीचा दर्शनी भाग खराब दिसतो. गच्चीची किल्ली सचिवकाकांकडे, आणि सचिवकाकांचा गुलाब अजून उठून बसला नव्हता. “गच्ची धुवायला काढलीय,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “गच्ची वाळतेय.” तुडतुडीला वाटलं, गच्चीला वाळायची परवानगी आहे, लंगोटांना नाही.

शेवटी घरातल्या घरात दोऱ्या बांधल्या. दाराच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत, तिथून पंख्याच्या खालून कपाटाच्या मुठीपर्यंत. घरात येणाऱ्याला वाकून यावं लागे, त्यामुळे सगळेच फार नम्र दिसायला लागले. बाबा लंगोटांखाली बसून शब्दकोडं सोडवत. ‘आठ आडवे’वर एक थेंब पडला की ते मान वर करून बघत, जागा बदलत, आणि ‘तीन उभे’वर दुसरा थेंब पडे. हवा दमट होती. वाळता वाळेना म्हणून तुडतुडी एकेक लंगोट इस्त्रीनं वाळवू लागली.

“पृथ्वी वाचवायला इस्त्री किती तापवायची असते गं?” बाबांनी साधेपणानं विचारलं.

ती दोन तास बाबांशी बोलली नाही. पण त्या दोन तासांत तिनं बादली भिजवली, घासली, पिळली, झटकली, अभ्यासाचं पुस्तक उघडलं, मिटलं, गठुड्याला खांद्यावर घेऊन सगळ्या खोल्यांतून फेऱ्या मारल्या आणि लंगोट पुन्हा भिजलाय हे मानेवरून ओघळणाऱ्या ओलीवरून ओळखलं. हाताच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. मधल्या सुट्टीत चष्मिसनं विचारलं, “काय मग, आदर्श घर, येतंय का प्रमाणपत्र?” तेव्हा तिनं हात पाठीमागे लपवले आणि म्हणाली, “येतंय म्हणजे काय, आलंच.”

हरायचं नव्हतं. एकदा सगळं सभागृह हसलं होतं, ते चाललं, तेव्हा पैज होती. आता हसलं तर तिच्यावर हसणार. पुन्हा ती ‘हजर’ हळूच म्हणायला लागेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे घरात तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला मात्र सांगावं लागत नाही, हीच तर आईची अडचण.

आणि मग चमत्कार झाला. पहिला आठवडा रात्री सगळं घर जागं असे: भोकाड, दिवा, लंगोट, पुन्हा दिवा. आई दिवसा भिंतीला टेकली तरी झोपे. दुसऱ्या आठवड्यापासून रात्री शांत जायला लागल्या. सकाळच्या बादलीत लंगोट निम्म्यावर आले. तुडतुडीनं लगेच कारण शोधून काढलं: घडी. आतल्या टोकाला तिनं एक जादा दुमड दिली होती, त्याचाच हा परिणाम. तिनं विज्ञानाच्या सरांना फळ्यावर ती दुमड काढून दाखवली. सर म्हणाले, “कमाल आहे.” समोरच्या काकूंना शिकवली. काकू म्हणाल्या, “आमची सगळी वर्षं वाया गेली म्हणायची.” आईला दाखवली तर आई एकदम पडद्याच्या धुळीबद्दल बोलायला लागली.

बाबाही बदलले होते. ते सकाळी लवकर ऑफिसला निघत. त्यांची ऑफिसची बॅग, जी एरवी चपटी असे, ती आता जेवण झाल्यासारखी टम्म दिसे. “कामं वाढलीत,” बाबा म्हणत. बॅग ते चपलांच्या कपाटावर ठेवत आणि कुणी हात लावला तर “राहू दे, राहू दे” म्हणून धावत येत. तुडतुडीला वाटलं, बाबांना बढती मिळणार असेल. तिला खरंच तसं वाटलं.

साहेब रविवारी येणार होते. शनिवारी तुडतुडीला एक विचार सुचला आणि तो नीट पारखून घेण्याइतकी ती एका जागी बसली नाही. लंगोट स्वच्छ होते, पण कडक होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना अजून लंगोटाचाच वास होता. साहेबांच्या नाकाला हे बरं दिसणार नाही. कपडे मऊ आणि सुगंधी करायचं औषध घरात होतं; एक झाकण घालायचं असतं. तिनं एक घातलं. फुलांचा वास आला. मग आणखी एक घातलं. मग विचार केला, आदर्श घर आहे, आणि बाटली उपडी केली. लंगोट असे काही मऊ झाले की हातातून घसरत होते. चांगले टॉवेलही तिनं आधीच लंगोटांच्या कामी लावले होते, तेही त्याच पाण्यात गेले.

साहेब आले. मोठ्या बाई आल्या. घरात परका माणूस आल्याचं कळल्यामुळे सचिवकाकाही आले. समोरच्या काकू दारात उभ्या होत्या, त्यांना आत येण्याची गरज नव्हती, तिथूनही सगळं दिसे. आईनं चहा ठेवला. दोऱ्या काढल्या होत्या तरी घरातले सवयीनं वाकूनच चालत होते, त्यांचं बघून पाहुणेही वाकूनच आत आले.

“वा, काय सुगंध,” साहेब म्हणाले. “हेच लंगोट का? फूल आहे फूल. आण बाळाला इकडे.”

साहेबांनी गठुड्याला मांडीवर घेतलं. मोठ्या बाईंनी फोटोसाठी फोन काढला. साहेबांनी एका हातात प्रमाणपत्र धरलं आणि दुसऱ्यानं गठुड्याला. गठुडं हसलं. ते हसून जरा विचारात पडल्यासारखं दिसलं की त्याचा अर्थ काय होतो हे घरातल्या तिघांना माहीत होतं, आणि तिघंही एकाच वेळी पुढे झाली. उशीर झाला होता.

तुडतुडीच्या घडीला निदान थोडंफार शोषायची सवय होती. आज तिनं थेंबही ठेवून घेतला नाही. जसं आलं तसं, पन्हाळीतून यावं तसं, त्रिकोणाच्या टोकावरून साहेबांच्या मांडीवर, मांडीवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून जमिनीवर. लंगोट वरून जवळजवळ कोरडा होता.

“टॉवेल, टॉवेल,” मोठ्या बाई म्हणाल्या. आईनं टॉवेल दिला. साहेबांनी पुसलं. टॉवेलनं पाणी नुसतं इकडून तिकडे नेलं. सचिवकाकांना आयुष्यभर सगळ्यांच्या आधी धावून जायची सवय. त्यांनी चपलांच्या कपाटावरची टम्म बॅग पाहिली, वरून पांढरंशुभ्र काहीतरी डोकावत होतं, आणि “हा घ्या कोरडा नॅपकिन” असं म्हणत ते ओढून काढलं.

“राहू दे, राहू दे,” बाबा धावले.

नॅपकिन नव्हता. घट्ट गुंडाळलेली, चिकटपट्टी लावलेली एक वळकटी होती. तिच्या मागून दुसरी खाली पडली. तिसरी बॅगेच्या तोंडाशी अडकून बसली. रविवारी ऑफिस बंद असतं. सचिवकाकांनी हातातली वळकटी उलटी करून पाहिली. अस्वल त्यांच्या ओळखीचं होतं.

समोरच्या काकू म्हणाल्या, “म्हणजे ती दुमड...” आणि पुढचं वाक्य त्यांनी कधी नव्हे ते गिळलं.

तुडतुडीनं बाबांकडे पाहिलं. बाबा चपलांकडे पाहत होते. तिनं आईकडे पाहिलं. आईनं नजर चुकवली नाही.

“आठवडाभर कुणी झोपलं नव्हतं गं,” आई म्हणाली. “मला चालताना भिंती हलताना दिसायच्या. आणि तू सकाळी बादली बघून इतकी खूश व्हायचीस. तुझी मान खाली जायला नको होती.”

“रोज दोन-तीनच,” बाबा म्हणाले. “ऑफिसच्या मागे मोठी पेटी आहे. तिथं कुणी विचारत नाही.”

साहेब उठून उभे राहिले. चालताना जरा लांब पावलं टाकावी लागत होती, तरी ते मोठ्या मनानं म्हणाले, “हरकत नाही. दिवसा तर लंगोटच होता ना? आणि प्रमाणपत्र छापून झालंय. छापलेलं रद्द करायचं तर तीन सह्या लागतात.” त्यांनी ते पुढे केलं. जाड कागद, सोनेरी कड, ‘आदर्श घर’. मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, “घे. शाळेत कुणाला काही कळायचं कारण नाही.”

तुडतुडीनं हात पुढे केला. सोनेरी कड छान होती. उद्या सभागृहात टाळ्या होतील, चष्मिसचे डोळे लुकलुकायचे थांबतील. मग तिचं लक्ष सचिवकाकांकडे गेलं. ते अजून वळकटी हातात धरून उभे होते आणि ती कुठे ठेवावी हे न कळून घरभर बघत होते.

“साहेब,” ती म्हणाली. आवाज सभागृहातल्याइतका मोठा नव्हता, पण हळूही नव्हता. “काकांच्या हातात आहे, ते ओल्यात टाकायचं की सुक्यात?”

साहेबांनी सचिवकाकांच्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःच्या विजारीकडे.

“ती बाब,” ते म्हणाले, “विचाराधीन आहे.” आणि प्रमाणपत्र चहाच्या ट्रेवर ठेवून, चहा न घेता, लांब पावलं टाकत ते गेले. त्यांच्यामागून मोठ्या बाई गेल्या. सचिवकाकांनी वळकटी प्रमाणपत्राशेजारी ठेवली, हात विजारीला पुसले, आणि दारातून वळून म्हणाले, “उद्यापासून किल्ली घेऊन जा गच्चीची. पण कुंड्यांकडे बघायचं नाही.” 

दार लागलं. गठुडं फुलांच्या वासात झोपून गेलं होतं.

तुडतुडीनं एक कोरडा लंगोट घेतला आणि ग्लासातलं पाणी त्यावर ओतलं. पाणी आत गेलंच नाही. थेंब अळवाच्या पानावर राहावेत तसे वर टपोरे उभे राहिले, मग घरंगळून जमिनीवर गेले.

“किती घातलं होतंस ते औषध?” आईनं विचारलं.

“बाटली.”

आईचे खांदे हलायला लागले, मग बाबांचे. तुडतुडी मात्र हसली नाही. ती फेऱ्या मारत होती. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कपाटापर्यंत, जिथे दोऱ्या होत्या त्याच वाटेनं, आणि सवयीनं अजून वाकत होती. मधेच ती थांबली. आई-बाबांना ते थांबणंच जास्त काळजीचं वाटलं.

“माझं ठरलंय,” ती म्हणाली. “दिवसा लंगोट. ते मी धुणार, साध्या पाण्यात, गच्चीवर वाळवणार. रात्री अस्वल. आई झोपणार. त्यात बोलणं नाही.”

“बरं,” आई म्हणाली.

“आणि हे प्रमाणपत्र उद्या मी मोठ्या बाईंना परत देणार. सभागृहात, सगळ्यांसमोर. माइक मागणार आणि काय झालं ते सांगणार, दुमडीसकट. मग साहेबांना परत बोलवा म्हणणार आणि तोच प्रश्न परत विचारणार.”

“अख्खी शाळा हसेल गं,” बाबा म्हणाले.

“पहिल्यांदा हसलीच होती की. तेव्हा मला उत्तर नको होतं, फक्त पैज जिंकायची होती. आता उत्तर हवंय. या वेळी सांगितल्याशिवाय त्यांना सोडणार नाही.”

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी ट्रेकडे पाहिलं, जिथे सोनेरी कडेच्या कागदाला टेकून अस्वल हसत होतं.

“ते सगळं ठीक आहे,” आई म्हणाली, “पण उत्तर येईपर्यंत हे ठेवायचं कुठे?”

तुडतुडीनं जराही विचार केला नाही.

“उत्तर येईपर्यंत,” तिनं जाहीर केलं, “बाबांच्या बॅगेत.”